बेटावरचा तांदळा

क्युपर्टिनो,
बुधवार, १२ सप्टेंबर २००७

प्रिय यामिनी,

काल जेवताना तू म्हणालीस, "बाबा, हॉस्पिटलची बॅग भरून झाली. फक्त देव राहिलाय. तो तुम्ही ठेवा, म्हणजे आईंचा हात लागल्यासारखं होईल." मी मान हलवली. आज सकाळी तू डॉक्टरकडे गेलीस आणि मी बॅग उघडली. बाळाचे मोजे, तुझा गाऊन, वेखंडाची पुडी, सगळं जागच्या जागी होतं. मधोमध टॉवेलची घडी दाबून तू तांदळ्यासाठी खळगा केला होतास. त्या खळग्यात हात ठेवून मी बराच वेळ बसलो, पण देव काही ठेवला नाही. का ठेवला नाही हे तोंडाने सांगायला गेलो तर निम्म्यातच थांबेन, मग तूच माझी समजूत काढत बसशील आणि सांगायचं ते राहून जाईल. म्हणून लिहितोय. पाय वर घेऊन बस. जरा जरी गरगरल्यासारखं वाटलं तर कागद खाली ठेव आणि हाक मार, मी मागच्या दारी पायरीवरच आहे. पण आज वाच. शनिवारच्या आत हे तुला कळायलाच हवं.

सुरुवात तुझ्या सासूपासून, पद्मिनीपासून करतो. तिच्या माहेरचा तो तांदळा. नाक नाही, डोळे नाहीत, सोललेल्या नारळाएवढा नुसता गोल दगड, शेंदराच्या थरांनी लाल झालेला. आजीकडून आईकडे आला, आईकडून तिच्याकडे. शेवटच्या दुखण्यात ती तुला फोन करायची तेव्हा मी पलंगाशेजारी बसून ऐकायचो. "तांदळा तुझा आहे गं, ह्यांच्याबरोबर पाठवते. हे आपले कवितेत असतात, भरवसा नाही, पण एवढं करतील." मी डोळे मिटून घ्यायचो, झोप लागल्याचं दाखवायचो. एकदा मात्र तिनं माझ्याकडून वदवून घेतलं. "सामानात टाकायचा नाही हं. देव पायाखालच्या डब्यात जात नसतो. हातात न्यायचा." हातात नेईन म्हटलं.

२००५च्या डिसेंबरात मी पहिल्यांदा इथे उतरलो तेव्हा गाडीत बसता बसता तू पहिला प्रश्न हाच विचारलास, की बाबा, तांदळा आणलात ना? मी म्हणालो, ट्रंकेत आहे, मुहूर्त बघून काढू. संक्रांत गेली, मुहूर्त नव्हता. मग जानेवारीच्या शेवटी ते झालं. आदल्या वर्षी एकदा झालं होतं, हे दुसऱ्यांदा, चौथा महिना संपत असताना. तू हॉस्पिटलमधून आलीस, सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून निजलीस आणि तिसऱ्या दिवशी, पाठ तशीच ठेवून, म्हणालीस, "बाबा, आपण देव पेटीत कोंडून ठेवला होता ना..." वाक्य तू पुरं केलं नाहीस. मी केलं. रोज, मनातल्या मनात, तेच वाक्य मी पुरं करत राहिलो. त्यानंतरही ट्रंक मी उघडली नाही. का, ते सांगतो, पण जरा थांब. अजून धीर होत नाही.

मे महिन्यात आमच्या लेकानं, सिद्धेशनं हट्टच धरला. लाँग वीकेंड आहे, यामिनी चार महिने घराबाहेर पडलेली नाही, बेटांवर जाऊ. सहा तास गाडी, मग बोट. मी वऱ्हाडातला माणूस. समुद्र पाहिला तो चौथीच्या पुस्तकात. आमचे जगन्नाथ मास्तर समुद्राची एक कविता टेबलावर तळहाताने ठेका धरून म्हणायचे, आणि वर्गातल्या एकानंही समुद्र पाहिलेला नसताना आम्ही तेहेतीस पोरं लाटेसारखी डोलायचो. शब्द आता गेले, चाल तेवढी राहिली. त्या दिवशी बोटीच्या कठड्याला धरून मी ती चाल गुणगुणत होतो. तू पोटातलं सगळं बाहेर काढून पांढरीफटक झाली होतीस, आणि एवढ्यात बोटीच्या दोन्ही अंगांना डॉल्फिन आले. दहा, वीस, मोजता येईनात. एकानं वर उसळी मारली आणि तुझ्या तोंडावर पाणी उडवलं. तू हसलीस, यामिनी. जानेवारीनंतर पहिल्यांदा. सिद्धेशनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. तेव्हाच माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. आता देव देणार, असं वाटून गेलं.

धक्क्यावर पाटी होती. इथलं काहीही उचलू नका, शिंपलासुद्धा नाही. मी ती पूर्ण वाचली, हे मुद्दाम लिहून ठेवतो. तू आणि सिद्धेश बाकावर बसलात, मी चढणीच्या पायवाटेनं वर गेलो. तिथे एका घळीची कड पावसानं ढासळली होती, आणि आतली माती पांढरी होती. मी जवळ जाऊन पाहिलं. माती कसली, शिंपल्यांचा चुरा होता, पुरुषभर उंच. हजारो वर्षं माणसांनी तिथे बसून शिंपले खाल्ले असतील आणि टरफलं टाकली असतील. त्या पांढऱ्यात एक खळगा होता आणि खळग्यात एक दगड. सोललेल्या नारळाएवढा. अंगावर तांबडं काहीतरी माखलेलं, मधेमधे झिजलेलं. मला दुसरं काही सुचलंच नाही. पद्मिनीनं पाठवला, एवढंच वाटलं. मी नमस्कार केला, मफलर काढला, त्यात दगड गुंडाळला आणि सदऱ्याच्या आत पोटाशी धरला. खाली येताना पार्कची एक गणवेशातली पोरगी भेटली. "हॅव अ गुड डे, सर" म्हणाली. तू विचारलंस, बाबा, पोट दुखतंय का? मी हो म्हणालो.

जूनमध्ये मी परत निघालो त्याच्या आदल्या दिवशी तुला हाक मारली, पाटावर बसवलं आणि तुझ्या ओटीत तो ठेवला. हा घे, म्हणालो, तुझ्या सासूचा. तू तो कपाळाला लावलास. तो ट्रंकेतून निघाला नव्हता, पोरी. मफलरमधून निघाला होता.

आता ट्रंकेचं सांगतो. तुझ्या सासूचा तांदळा अमेरिकेत आलाच नाही. कबूल केल्याप्रमाणे मी तो हातातल्या पिशवीत घेतला होता. विमानतळावर पिशवी यंत्रातून गेली आणि अडली. तिथला मुलगा चांगला होता, तांदळ्याला हात लावताना त्यानं आधी विचारलं. म्हणाला, काका, एवढा दगड केबिनमध्ये चालत नाही, बाहेर कुणी सोडायला आलंय का, त्यांच्याकडे देऊन या. बाहेर कुणी नव्हतं. मागे रांग होती. एक बाई म्हणाली, "अहो आजोबा, दगडच आहे ना, ठेवा की!" मी दगड नाही असं म्हणायला हवं होतं. सामान परत मागायला हवं होतं, विमान चुकवायला हवं होतं. मी तो निळ्या ट्रेमध्ये ठेवला, पायात चपला घातल्या आणि पुढे गेलो. वळूनसुद्धा पाहिलं नाही. चाळीस वर्षं जिनं संसार केला तिनं मागितलेली एवढीच एक गोष्ट, आणि मी ती ट्रेमध्ये ठेवून आलो. मग ट्रंकेत काय दाखवणार होतो?

यंदा फेब्रुवारीत अकोल्याला तुझा फोन आला. "बाबा, तांदळा पावला." मी फोन ठेवला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. वाटलं, लबाडी केली खरी, पण देवानं ती पोटात घातली. पुढचे महिने तू फोनवर सगळं सांगायचीस, आज मोगरा वाहिला, आज दुधानं न्हाऊ घातला, आज शेंदूर संपला म्हणून कुंकू तेलात कालवून लावलं. मी ऐकायचो आणि म्हणायचो, छान.

जुलैत बाळंतपणासाठी म्हणून पुन्हा आलो. इथे येऊन महिना झाला तेव्हाची गोष्ट. लायब्ररीत ज्येष्ठांसाठी भाषण होतं, बेटांवरच्या मूळ लोकांबद्दल. त्यांना चुमाश म्हणतात, हे नावसुद्धा मला तेव्हा कळलं. बोलणारी बाई माझ्याच वयाची, डोलोरेस नावाची, पांढरी वेणी, गळ्यात शिंपल्याच्या बारीक मण्यांची माळ. तिनं गोष्ट सांगितली. आमची माणसं आधी त्या बेटावर जन्मली, म्हणाली. बेटावर गर्दी झाली तेव्हा धरित्रीनं इंद्रधनुष्याचा पूल केला, की चला पलीकडच्या किनाऱ्यावर, फक्त खाली बघू नका. काहींनी खाली बघितलं, त्यांना भोवळ आली आणि ती माणसं पाण्यात पडली. धरित्रीला त्यांची कणव आली. बुडू नयेत म्हणून तिनं त्यांचे डॉल्फिन केले. यामिनी, मला तुझं ते हसणं आठवलं. आणि तुझी दोघं आठवली, अर्ध्या पुलावरून गेलेली. त्या परक्या बाईपुढे मी मफलरनं डोळे पुसले.

मग तिनं पडद्यावर चित्र दाखवलं. ढासळलेली घळ, पांढरा चुरा, त्यात एक खळगा. रिकामा. म्हणाली, इथे आमच्या म्हाताऱ्यांनी ठेवलेला एक दगड होता, गेरू लावलेला. वादळी पावसात कड कोसळली आणि तो उघडा पडला. त्याला विधी करून पुन्हा मातीत ठेवायचा म्हणून गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही गेलो, तर जागा रिकामी. कुणीतरी विचारलं, त्याची किंमत काय असेल? ती म्हणाली, तुमच्या आजीची किंमत काय? सगळे हसले. ती हसली नाही. निघताना दाराशी ती सगळ्यांना आपलं कार्ड देत होती. मीही घेतलं आणि तिच्याकडे न बघता थँक यू म्हणालो.

दोन दिवस मला घास गेला नाही. तू म्हणालीस, बाबांना इथलं पाणी बाधलं. तिसऱ्या दिवशी सिद्धेशला फिरायला म्हणून बाहेर नेलं आणि सगळं सांगितलं. तो रस्त्याच्या कडेला फूटपाथवरच बसला. "बाबा, फेडरल लँड आहे ते! कळतंय का? आत्ता जुलैत ग्रीन कार्डचे फॉर्म भरलेत, सगळे पेपर्स सबमिट झालेत. कुणी विचारलं, हा दगड तुमच्या घरात कसा, तर काय सांगू? माझे वडील पोएट आहेत?" मग आवाज खाली आला. "आणि यामिनीला एक शब्द नाही. बीपी बघितलंत ना तिचं? डॉक्टरनं स्ट्रेस नको म्हणून तीनदा सांगितलंय. तिचा सगळा जीव त्या दगडात आहे." त्याच्यावर रागावू नकोस. तो भ्यालेला होता, आणि त्याची भीती तुझ्यासाठी जास्त होती, कागदांसाठी कमी.

बागेचं सामान विकणाऱ्या दुकानातून सिद्धेशनं एक दगड आणला. गोल, त्याच मापाचा. दोन रात्री मी त्याला कुंकू आणि तेल चोळलं. चौदा दिवसांपूर्वी, तू सोनोग्राफीला गेलेली असताना, मी देवघरात अदलाबदल केली. गेले चौदा दिवस तू ज्याला फूल वाहतेस, ज्याच्यापुढे बाळाचं डोकं खाली वळू दे म्हणून हात जोडतेस, तो बागेतला दगड आहे. आणि त्याच चौदा दिवसांत बाळ वळलं. परवा तू नाचतच घरात आलीस, "बाबा, हेड डाऊन! पावला की नाही तांदळा?" यातून मला काही सिद्ध करायचं नाही, तेवढी अक्कल नाही मला. पण त्या क्षणी तुझ्या तोंडाकडे बघणं मला जमलं नाही, आणि तू ते पाहिलंस, हे मला माहीत आहे.

बेटावरचा दगड पोस्टानं परत जायचा होता. सिद्धेशनं खोकं आणलं, आत फोमचे दाणे भरले, वर पार्कच्या ऑफिसचा पत्ता चिकटवला. पाठवणाऱ्याचं नाव नाही. "बाबा, पोस्टात टाका आणि विसरा." मी पोस्टापर्यंत गेलो. काउंटरवरच्या बाईनं खोकं ठेवायला समोर एक ट्रे सरकवला. प्लास्टिकचा, निळा. मी खोकं छातीशी धरलं आणि घरी आलो.

सोमवारी लायब्ररीतल्या फोनवरून डोलोरेसबाईंना फोन केला. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, पण त्या दिवशी कुठेही अडलं नाही. माझं नाव सांगितलं, सिद्धेशचं नाही. सगळं सांगितलं, पद्मिनी, ट्रे, डॉल्फिन, मफलर, तू. शेवटी म्हणालो, आम्ही तो अगदी देवासारखा सांभाळला. ती म्हणाली, "आमच्या वस्तू परत द्या म्हणून वीस वर्षं मी म्युझियमना पत्रं लिहितेय. तेही हेच म्हणतात. आम्ही फार छान सांभाळलंय." मग तिनं विचारलं, त्याला काय काय लावलंत? मी सांगितलं, शेंदूर, कुंकू, तेल, दूध, मोगरा. तिनं ते लिहून घेतलं असावं, पेन्सिलीचा आवाज आला. धुऊ नका, म्हणाली, जसा आहे तसा आणा. शनिवारी सकाळी आमची माणसं बोटीनं बेटावर चाललीत, मी बंदरावर असेन. तुम्ही स्वतः या. मी म्हणालो, येतो. मग तिनं विचारलं, तुमच्या सुनेला हे माहीत आहे? मी म्हणालो, नाही, ती नवव्या महिन्यात आहे, तिला न कळवता काम होईल. त्यावर ती जे बोलली ते मला झोपेतही ऐकू येतं. "मग नका आणू. चोरून नेलेलं मी चोरून परत घेणार नाही. आधी तिला सांगा."

शनिवारी गणपती. सिद्धेशनं मूर्ती आणून गॅरेजमध्ये झाकून ठेवलीय. दीड दिवस तुझ्या घरी राहील आणि जाईल. घरी आलेल्या देवाला हात जोडून परत पाठवायचं, हे आपल्या माणसांना कुणी शिकवावं लागत नाही. पण मी बोलावलेला पाहुणा आणला नव्हता, पळवून आणला होता, आणि त्याच्या घरची माणसं सव्वा वर्ष रिकाम्या जागेशी जाऊन उभी राहत होती. तुझ्या सासूच्या तांदळ्याचंही आता कुठेतरी तसंच झालं असेल. कुणी उचलला असेल तर तो त्याला काय समजत असेल, कोण जाणे.

आता हे पत्र का, ते. छत्तीस वर्षं मी शेतं मोजली. बांधावरचा हद्दीचा दगड सरकला की आमच्याकडे अर्ज यायचा, आणि तो जागेवर बसवायचा एकच नियम होता. आधी दोन्ही बाजूंच्या खातेदारांना नोटीस, दोघं बांधावर हजर, तेव्हाच दगडाला हात. भाऊ भावावर कुऱ्हाड घेऊन आलेला मी पाहिलाय, तरी नोटिशीशिवाय एक दगड हलवला नाही. आणि म्हातारपणी तीन हलवले, एकदाही कुणाला न विचारता. चौथ्यांदा हलवणार नाही. हे पत्र म्हणजे तुला दिलेली नोटीस आहे. देवघरात आत्ता दोन दगड आहेत, उजवीकडचा त्या लोकांचा, डावीकडचा बागेतला. सिद्धेशला मी अजून हे सांगितलेलं नाही, तो ऑफिसमधून यायच्या आत तुझं तू ठरवावंस म्हणून. तू ने म्हणालीस तर शुक्रवारच्या बसनं मी तो मांडीवर घेऊन जाईन. नको म्हणालीस तरी जाईन, रिकाम्या हातानं, आणि बाईंसमोर उभा राहीन. तुझं नाव घेणार नाही. दोन्हीपैकी काहीही झालं तरी तुझ्यावर माझा राग असायचं कारण नाही, तुझा असेल तर तो मला हवा आहे. बॅगेतला तो खळगा मी मोडलेला नाही. त्यात काय ठेवायचं, की तो रिकामाच न्यायचा, ते तू सांग. मी पायरीवर बसलोय, दार उघडंच आहे.

तुझाच, पद्मिनीला दिलेला शब्द हरवून बसलेला,
बाबा